जनरल पावलोव्ह दोषी होता, पण कशाचा?

प्रश्न असा आला होता: जर्मनीने २२ जून १९४१ला सोव्हिएत युनियनवर हल्ला केला आणि बरोबर महिन्याने, २२ जुलैला, पश्चिम आघाडीचा सेनापती जनरल द्मित्री पावलोव्ह याला गोळ्या घालण्यात आल्या. तो खरोखर नालायक होता, की स्टॅलिनने स्वतःची चूक झाकायला त्याचा बळी दिला? आणि त्याच उन्हाळ्यात हरलेले बाकीचे सेनापती कसे वाचले?

माझी सगळी नोकरी सैन्याच्या सिग्नल्स शाखेत गेली, नंतर काही वर्षं तरुण अधिकाऱ्यांना युद्धेतिहास शिकवला. त्यामुळे या प्रकरणाकडे बघताना माझा एक डोळा कायम तारांवर आणि वायरलेसवर असतो. पावलोव्हबरोबर त्याचा सिग्नल्स प्रमुख जनरल ग्रिगोरियेव्ह यालाही गोळी घातली गेली, हे आमच्या शाखेतला माणूस विसरू शकत नाही. माझा हा कल लक्षात ठेवूनच पुढचं वाचावं.

मत आधीच सांगून टाकतो. ज्या सवयीने हा माणूस चार वर्षांत ब्रिगेडवरून आख्ख्या आघाडीवर पोचला, त्याच सवयीने २१ जूनच्या रात्री त्याचा घात केला. वरून हुकूम आल्याशिवाय हलायचं नाही, ही ती सवय. १९३७नंतरच्या, म्हणजे स्टॅलिनने सेनानींची कत्तल सुरू केल्यानंतरच्या, सोव्हिएत फौजेत ती नसलेली माणसं फार काळ टिकत नव्हती.

पावलोव्ह १८९७चा, कोस्त्रोमा प्रांतातल्या शेतकरी घरातला. पहिल्या महायुद्धात साधा शिपाई म्हणून गेला, १९१६मध्ये जखमी होऊन जर्मनांच्या कैदेत पडला, १९१९मध्ये परतला आणि त्याच वर्षी लाल सैन्यात भरती झाला. यादवी युद्धात घोडदळ, १९२८मध्ये फ्रुंझे अकादमी, मग बेलारूसमध्ये बोब्रुइस्कला यांत्रिक ब्रिगेड. इथपर्यंतचा प्रवास त्या पिढीतल्या शेकडो अधिकाऱ्यांसारखाच आहे. फरक पडला तो स्पेनमुळे. १९३६च्या शरद ऋतूत त्याला तिथल्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या मदतीला पाठवलं. टी-२६ रणगाड्यांची ब्रिगेड घेऊन तो ‘पाब्लो’ या नावाने हारामा नदीकाठी आणि ग्वादालाहाराला लढला. चांगला लढला, धाडसी होता, याबद्दल वाद नाही. २१ जून १९३७ला त्याला ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब मिळाला.

ती तारीख बघा. त्याच्या नऊ दिवस आधी मार्शल तुखाचेव्स्कीसह आठ वरिष्ठ सेनानींना गोळ्या घातल्या होत्या. त्यात इयेरोनिम उबोरेविच होता, म्हणजे बेलारूस लष्करी क्षेत्राचा प्रमुख, पावलोव्हचा आधीचा वरिष्ठ. उबोरेविचच्या जागी बेलोव्ह आला. १९३८च्या जुलैत त्यालाही गोळी. मग कोव्हाल्योव्ह. आणि जून १९४०मध्ये त्याच खुर्चीवर पावलोव्ह बसला. एव्हाना देशाच्या पाच मार्शलांपैकी तिघे संपले होते. अशा खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला आपल्या आधीच्यांचं काय झालं ते रोज आठवत नसेल, असं मानणं कठीण आहे.

स्पेनहून आल्यावर त्याला थेट मॉस्कोत रणगाडा दलाच्या मुख्य कार्यालयाचा प्रमुख केलं. म्हणजे हिशेब असा: त्याने ब्रिगेड चालवली होती. डिव्हिजन, कोअर, सेना यांपैकी काहीही त्याने कधी चालवलं नव्हतं. आणि आता हाताखाली सव्वासहा लाख माणसांचं पश्चिम विशेष लष्करी क्षेत्र (युद्ध सुरू होताच हेच पश्चिम आघाडी झालं), ज्यात तीन सेना सरहद्दीवर आणि आणखी एक उभी राहत होती. मधल्या पायऱ्यांवर माणूस काय शिकतो? आपला हुकूम खाली पोचायला किती वेळ लागतो, वाटेत त्याचं काय होतं आणि खालून वर येणाऱ्या बातमीतलं किती खरं असतं. हे पुस्तकात सापडत नाही, आणि एरवी शिकायला वीसेक वर्षं लागतात.

रणगाडा कार्यालयातल्या कामाबद्दल मात्र त्याच्यावर जरा अन्याय होतो. १९३९च्या नोव्हेंबरात मोठ्या टँक कोअर मोडून ब्रिगेडी करण्याचा निर्णय झाला आणि फ्रान्सची धूळधाण पाहिल्यावर १९४०मध्ये घाईने यांत्रिक कोअर परत उभ्या करायला घेतल्या. या धरसोडीचं खापर अनेक जण स्पेनचे धडे चुकीचे वाचणाऱ्या पावलोव्हच्या डोक्यावर फोडतात. निर्णय वरच्या लष्करी मंडळाचा होता, त्याच्या एकट्याचा नव्हता. उलट, स्पेनमध्ये पातळ पत्र्याचे टी-२६ छोट्या तोफांनी कसे जळतात हे स्वतः पाहिल्यामुळे त्याने जाड चिलखताचा, डिझेल इंजिनाचा रणगाडा हवा म्हणून जोर धरला. टी-३४ आणि केव्ही यांच्या जन्मात त्याचा वाटा आहे. तो मूर्ख होता म्हणणाऱ्यांनी ही बाजू वगळू नये.

आता जानेवारी १९४१. मॉस्कोत नकाशावरचे दोन युद्धसराव झाले. पहिल्यात पावलोव्ह ‘पूर्वेकडचा’, म्हणजे सोव्हिएत बाजूचा, आणि जनरल झुकॉव्ह, तेव्हाचा कीव्ह क्षेत्राचा प्रमुख, ‘पश्चिमेकडचा’. पावलोव्हची पूर्व प्रशियातली मुसंडी झुकॉव्हने प्रतिहल्ला करून अडवली. दुसऱ्यात बाजू बदलल्या, तेव्हाही झुकॉव्हच वरचढ ठरला. लगेच झुकॉव्ह जनरल स्टाफचा प्रमुख झाला. पावलोव्हलाही फेब्रुवारीत सेना-जनरल हा हुद्दा मिळाला, म्हणजे हरल्याने त्याचं काही बिघडलं नाही. लोक या सरावातल्या हार-जितीची चर्चा करतात. मला त्यातलं न खेळलेलं जास्त महत्त्वाचं वाटतं. दोन्ही सराव सुरू होतात तेव्हा शत्रूचा पहिला धक्का परतवून झालेला असतो. पहिले दोन आठवडे सरहद्दीवरच्या तुकड्या शत्रूला थोपवणार, मागे फौज जमवली जाणार आणि मग खरी लढाई सुरू होणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. पहिल्याच पहाटे शत्रू पूर्ण ताकदीने आत आला तर काय, हा डाव टेबलावर मांडलाच गेला नाही. तो न मांडणारे वरपासून खालपर्यंत सगळे होते, झुकॉव्हसुद्धा.

नकाशा डोळ्यांपुढे आणा. १९३९मध्ये पोलंड वाटून घेतल्यावर सोव्हिएत सरहद्द बियाविस्तोक शहराभोवती पश्चिमेकडे फुगून आली होती. या फुगवट्याच्या टोकाला गोलुबेव्हची दहावी सेना, उत्तरेच्या बगलेत ग्रोद्नोला वासिली कुझ्नेत्सोव्हची तिसरी, दक्षिणेला ब्रेस्तमागे कोरोब्कोव्हची चौथी. हल्ला करायचा असेल तर हा फुगवटा सोन्यासारखा. बचावाला बसायचं असेल तर दोन्ही बाजूंनी कापला जायची वाट बघत बसायचं. दहावी सेना सर्वांत बलवान, पण ती नेमकी टोकाला. आणि जर्मनांच्या चार पॅन्झर (म्हणजे रणगाड्यांच्या) गटांपैकी दोन, होथचा आणि गुडेरियनचा, याच दोन बगलांवर येणार होते. सोव्हिएत योजनेत मुख्य तडाखा युक्रेनवर बसेल असा अंदाज होता, म्हणून जास्त फौज तिकडे. या मांडणीत पावलोव्हचा हात फार थोडा. ती मॉस्कोत ठरली.

ब्रेस्तचं मात्र तसं नाही. ब्रेस्तच्या जुन्या किल्ल्यात आणि शहरात दोन पायदळ डिव्हिजनांचा मोठा भाग आणि एक टँक डिव्हिजन कोंबून ठेवली होती, बुग नदीपासून तोफेच्या माऱ्यात. किल्ल्याचे दरवाजे मोजके. पहाटे तोफखाना सुरू झाला की माणसं बाहेर निघणार कशी? ही अडचण चौथ्या सेनेच्या लोकांना दिसत होती. सराव शिबिर म्हणून, दुरुस्तीचं निमित्त करून, काहीही सांगून त्यांना मागे जंगलात हलवणं क्षेत्रप्रमुखाच्या अधिकारात बसलं असतं.

मग त्याने ते का केलं नाही? १४ जूनला सोव्हिएत वृत्तसंस्था तासने जाहीर केलं की जर्मनी हल्ला करणार या अफवा निराधार आहेत. त्याच्या थोडं आधी, शेजारच्या कीव्ह क्षेत्रात तिथला नवा प्रमुख किर्पोनोसने काही तुकड्या सरहद्दीलगतच्या मोर्चांत नेल्या, तर झुकॉव्हने तार करून हुकूम ताबडतोब मागे घ्यायला लावला. हे वाचणाऱ्या प्रत्येक क्षेत्रप्रमुखाला संदेश स्पष्ट होता. जर्मनांना डिवचल्याचा आरोप आला तर पुढचा प्रवास कुठे जातो हे उबोरेविचच्या माणसाला कुणी सांगायची गरज नव्हती.

२१ जूनच्या संध्याकाळी पावलोव्ह मिन्स्कमध्ये अधिकाऱ्यांच्या सभागृहात विनोदी नाटक बघत होता. शेजारी उपसेनापती इव्हान बोल्डिन. बोल्डिनने नंतर लिहिलंय की गुप्तवार्ता प्रमुखाने येऊन कानात सांगितलं, सरहद्दीपलीकडे हालचाल आहे, आणि पावलोव्हने ते उडवून लावलं. या नाटकावरून त्याला पुष्कळ नावं ठेवली गेली. मला त्यात फारसं काही वाटत नाही. सेनापती शनिवारी रात्री नाटकाला दिसला नाही तर शहरात घबराट होते, आणि शांत राहा हा तर वरचाच आग्रह होता. अडचण नाटकानंतरच्या तासांची आहे.

रात्री एकच्या सुमारास संरक्षण कमिसार (म्हणजे संरक्षणमंत्री) टिमोशेन्कोने फोनवर त्याच्याशी बोलणं केलं. पावलोव्हच्या जबाबानुसार टिमोशेन्को म्हणाला की शांत राहा, घाबरू नका, पण मुख्यालयातले लोक जमवून ठेवा. सकाळी काहीतरी अप्रिय घडू शकतं. चिथावणीला मात्र बळी पडू नका. याच सुमारास मॉस्कोची पहिली निर्देशतार येत होती. तिच्यात दोन गोष्टी एकत्र बांधल्या होत्या: अचानक हल्ल्याला तोंड द्यायला पूर्ण सज्ज व्हा, विमानं उजाडायच्या आत विखरा, आणि चिथावणीला उत्तर देऊ नका, खास हुकमाशिवाय आणखी काही करू नका. असा हुकूम हातात आलेल्या अधिकाऱ्याने नेमकं काय करायचं?

इथे मी माझ्या धंद्यात शिरतो. तार मिन्स्कला पाऊणच्या सुमारास पोचली. पावलोव्हच्या कार्यालयातून ती सेनांकडे अडीचच्या सुमारास निघाली. मधला पावणेदोन तास उलगडण्यात, आपल्या मथळ्याखाली नव्याने लिहिण्यात आणि परत सांकेतिक भाषेत घालण्यात गेला. कोब्रिनला चौथ्या सेनेच्या मुख्यालयात ती साडेतीनच्या आसपास आली. तिथून डिव्हिजन, रेजिमेंट, बटालियन. चारच्या सुमारास जर्मन तोफा सुरू झाल्या. पुष्कळ तुकड्यांना तो हुकूम कधी मिळालाच नाही. बचावाच्या योजनेची सीलबंद पाकिटं सेनांच्या तिजोऱ्यांत तयार होती. ती उघडायला एक ठरलेला शब्द पुरे होता. नौदलप्रमुख अॅडमिरल निकोलाय कुझ्नेत्सोव्हने नेमकं हेच केलं. (या गोष्टीत कुझ्नेत्सोव्ह तीन आहेत, गोंधळू नका.) ताफ्यांना ठरलेल्या पूर्ण सज्जतेचा छोटा हुकूम, आणि तार पोचेपर्यंत थांबायला नको म्हणून फोनवरही. पहिल्या हवाई हल्ल्यात त्याची एकही लढाऊ नौका बुडाली नाही. पावलोव्हने एक वाजता, टिमोशेन्कोचा फोन ठेवता ठेवता, तो शब्द खाली दिला असता तर ब्रेस्तची माणसं निदान किल्ल्याबाहेर पडायला लागली असती. पण तो शब्द म्हणजे ‘खास हुकमाशिवाय’ केलेली कृती.

तारांचं दुखणं वेगळंच होतं. शांततेच्या काळात सोव्हिएत मुख्यालयं दळणवळण खात्याच्या नागरी लाइनवर चालत. खांबावरच्या उघड्या तारा, लोहमार्गाच्या कडेने गेलेल्या. लष्कराची स्वतःची सिग्नल्स दलं युद्ध जाहीर झाल्यावर, राखीव माणसं आल्यावर पूर्ण व्हायची होती. हल्ल्याआधी जर्मनांच्या वेशांतर केलेल्या टोळ्यांनी अनेक ठिकाणी तारा कापल्या; बाकीचं काम बॉम्बनी केलं. मग वायरलेस? संच कमी होतेच, पण असलेले वापरायचीही भीती. शत्रू ऐकेल, मुख्यालयाची जागा कळेल, संकेत फुटतील. वर्षानुवर्षं ज्याला फोनवर बोलायची सवय आहे त्या सेनापतीला वायरलेस संचासमोर बसवलं की तो अस्वस्थ होतो, हे मी आपल्याकडच्या सरावांतही पाहिलंय. पर्यायी मार्ग कागदावर असतो. तो खरोखर बोलतो का हे मुख्य मार्ग मुद्दाम बंद करून कुणी तपासत नाही. ग्रिगोरियेव्ह आणि पावलोव्ह यांनी वर्षभरात हे तपासलं नाही, हा दोष खरा आहे. तो त्या रात्रीचा नाही, त्याआधीच्या बारा महिन्यांचा आहे.

विमानांची गोष्ट लांबवत नाही. पश्चिम क्षेत्राने पहिल्या दिवशी ७३८ विमानं गमावली, त्यातली ५२८ जमिनीवर उभी असताना. विमानतळ झाकण्याचा, विमानं रंगवण्याचा संरक्षण कमिसारचा हुकूम १९ जूनला निघाला होता आणि त्याने दिलेली मुदत जुलैची होती! हवाई दलाचा प्रमुख कोपेत्स, हाही स्पेनचा वीर आणि असाच झपाट्याने वर चढलेला, त्याने पहिल्याच एक-दोन दिवसांत स्वतःला गोळी घालून घेतली.

२२ जूनच्या सकाळी टिमोशेन्कोने बोल्डिनला फोनवर सांगितलं की आमच्या संमतीशिवाय कारवाई करायची नाही, स्टॅलिननी तोफखान्यालाही मुभा दिलेली नाही. बोल्डिन ओरडला की शहरं जळतायत, माणसं मरतायत. पावलोव्हला बियाविस्तोकला जायचं होतं. परवानगी बोल्डिनला मिळाली. बोल्डिन विमानाने, मग ट्रकने दहाव्या सेनेच्या मुख्यालयात पोचला. ते मुख्यालय म्हणजे जंगलात दोन तंबू, एक टेबल, एक फील्ड टेलिफोन आणि थोड्या अंतरावर वायरलेसची गाडी. त्या रात्री मॉस्कोहून तिसरा निर्देश निघाला: ग्रोद्नोकडून सुवाल्कीवर प्रतिहल्ला करा आणि २४ तारखेच्या संध्याकाळपर्यंत ते घ्या. मॉस्कोला परिस्थिती ठाऊक नव्हती, पावलोव्हला त्याहून फार जास्त ठाऊक नव्हती, आणि तरी हुकूम खाली गेला.

बोल्डिनकडे सहावी यांत्रिक कोअर होती: हजारावर रणगाडे, त्यात ३५०च्या आसपास नवे टी-३४ आणि केव्ही. कागदावर युरोपातली सर्वांत भारी कोअर म्हणा. प्रत्यक्षात डोक्यावर विमानांचं छत्र नाही, इंधन नाही. क्षेत्राच्या युद्धसाठ्याचा मोठा भाग कुठे ठेवला होता? कॉकेशसमध्ये, मायकोपला. रणगाडे रस्त्यात तेल संपून थांबले आणि जाळावे लागले. २५ तारखेला लिदा–स्लोनिम–पिन्स्क रेषेवर मागे या, असा हुकूम निघाला, पण तोवर होथ उत्तरेने आणि गुडेरियन दक्षिणेने त्या रेषेच्या मागे चालले होते. हुकूम देण्यासाठी विमानाने अधिकारी पाठवले, काहींना पॅराशूटने उतरवलं. बरेचसे परतले नाहीत. २८ जूनला मिन्स्क पडलं, सातव्या दिवशी.

आकडा एकदाच सांगतो. सोव्हिएत हिशेबाप्रमाणे ९ जुलैपर्यंत बेलारूसमधले मृत, बेपत्ता आणि कैदी मिळून ३,४१,०७३. सुरुवातीच्या फौजेच्या निम्म्याहून जास्त.

३० जूनला पावलोव्हला हटवलं. त्याची जागा घ्यायला येरेमेन्को मोगिल्योव्हच्या जंगलातल्या मुख्यालयात आला तेव्हा पावलोव्ह तंबूत न्याहारी करत होता, असं येरेमेन्कोने लिहिलंय. मॉस्कोला बोलावलं तेव्हा झुकॉव्हने त्याला पटकन ओळखलंच नाही. आठ दिवसांत तो इतका उतरला होता. परत पाठवलं, आणि ४ जुलैला गोमेलजवळ दोव्स्कला अटक. ७ जुलैच्या पहिल्या जबाबात तो म्हणाला, मी गद्दार नाही, माझ्या हाताबाहेरच्या कारणांनी पराभव झाला. मग चौकशी करणाऱ्यांनी त्याच्यापुढे मेरेत्स्कोव्हचा जबाब ठेवला. मेरेत्स्कोव्ह म्हणजे काही महिन्यांपूर्वीपर्यंतचा जनरल स्टाफप्रमुख, जूनमध्येच अटक झालेला. पुढच्या दिवसांत पावलोव्हने कट, हेतुपुरस्सर निष्क्रियता, सगळं कबूल केलं. त्या कोठड्यांत अशा कबुल्या कशा मिळत हे इथे वेगळं सांगायला नको.

१६ जुलैला राज्य संरक्षण समितीने पावलोव्ह आणि इतरांच्या अटकेचा ठराव काढला, तो सगळ्या तुकड्यांत वाचून दाखवायचा होता. त्यात भ्याडपणा आणि बेअब्रूचे शब्द आधीच होते. खटला त्यानंतर सहा दिवसांनी, २२ जुलैच्या मध्यरात्री, अध्यक्ष उलरिख. तुखाचेव्स्कीच्या खटल्यातलाही तोच. पावलोव्हने कबुली मागे घेतली. काही गोष्टींची पडताळणी केली नाही एवढं मान्य केलं. निकालात कटाचं कलम टिकलंच नाही. शिक्षा झाली ती कर्तव्यातल्या कसुरीच्या आणि शत्रूला प्रदेश सोडून दिल्याच्या कलमांखाली. पावलोव्ह, त्याचा चीफ ऑफ स्टाफ क्लिमोव्स्कीख, ग्रिगोरियेव्ह आणि चौथ्या सेनेचा कोरोब्कोव्ह, चौघांना त्याच दिवशी गोळ्या घातल्या.

कोरोब्कोव्हच का? त्याचा चीफ ऑफ स्टाफ सान्दालोव्ह युद्धानंतर सांगत असे की एक सेनाप्रमुख हवा होता, तिसऱ्या आणि दहाव्या सेनेचे प्रमुख वेढ्यात कुठे आहेत कुणाला माहीत नव्हतं, आणि कोरोब्कोव्ह तेवढा हाताशी होता. कारण तो आपल्या उरलेल्या माणसांबरोबर लढत मागे येत होता. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. उत्तरेच्या आघाडीवर फ्योदोर कुझ्नेत्सोव्हने बाल्टिक प्रदेश तितक्याच झपाट्याने गमावला. त्याला हटवलं, खालची पदं दिली, बस्स. किर्पोनोसला युक्रेनमध्ये एकाच पॅन्झर गटाशी लढायचं होतं आणि रणगाडे जास्त होते, म्हणून तो जवळपास तीन महिने टिकला आणि सप्टेंबरात कीव्हच्या वेढ्यातून निघताना मारला गेला. बोल्डिन ऑगस्टमध्ये दीडेक हजार माणसं घेऊन वेढ्यातून बाहेर पडला आणि स्टॅलिनच्या १६ ऑगस्टच्या आदेशात नाव घेऊन त्याचं कौतुक झालं. त्याच आदेशात ज्याला भगोडा ठरवलं तो जनरल काचालोव्ह प्रत्यक्षात लढाईत मेला होता. मेरेत्स्कोव्ह सप्टेंबरात सुटला आणि पुढे मार्शल झाला. मिन्स्क मॉस्कोच्या वाटेवर आहे, ते आठवड्यात पडलं, जगाला दिसलं. कुणाचं तरी नाव लागणार होतं.

आता माझा निवाडा. वर्षभर हाताखाली क्षेत्र असताना ब्रेस्तमधली गर्दी कमी केली नाही, पर्यायी सिग्नल्स तपासले नाहीत, विमानं रांगेत उभी राहू दिली: यासाठी त्याला सेनापतिपदावरून काढणं योग्यच. ओदेसा क्षेत्रात जनरल झाखारोव्हने स्वतःच्या जबाबदारीवर विमानं दुसऱ्या तळांवर नेली आणि फौज तार येण्याआधी उठवली. तिथलं हवाई नुकसान अगदी थोडं. समोर शत्रूही कमजोर होता हे खरं, पण निर्णय घेणं शक्य होतं, हे त्यातून दिसतं. भ्याडपणाचा आरोप मात्र मला अजिबात पटत नाही. २२ ते २८ जूनमधले त्याचे हुकूम वाचले तर ते गोंधळलेले आहेत, उशिराचे आहेत, कधीकधी अस्तित्वात नसलेल्या तुकड्यांना उद्देशून आहेत. पळणाऱ्याचे ते नाहीत. जे त्याला माहीत नव्हतं ते झुकॉव्हच्या किंवा टिमोशेन्कोच्या टेबलावरही नव्हतं.

त्याच्या बायको, मुलगा आणि आईवडिलांना क्रास्नोयार्स्क भागात हद्दपार केलं. ब्रेस्तच्या किल्ल्यात शेवटी उरलेल्यांपैकी मेजर गावरिलोव्ह पावलोव्हच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी, २३ जुलैला, जखमी अवस्थेत पकडला गेला. जानेवारी १९५७मध्ये गावरिलोव्हला ‘सोव्हिएत संघाचा वीर’ केलं आणि त्याच वर्षी ३१ जुलैला सर्वोच्च न्यायालयाच्या लष्करी पीठाने पावलोव्ह व इतरांची शिक्षा रद्द केली. खटल्यात गुन्हाच घडलेला दिसत नाही, असं कारण दिलं.

या सगळ्याचा लष्करी उपयोग काय झाला, याचं उत्तर ऑक्टोबर १९४१मध्ये मिळतं. व्याझ्माजवळ पश्चिम आघाडी पुन्हा वेढली गेली, मिन्स्कपेक्षा मोठ्या प्रमाणावर, आणि सेनापती होता इव्हान कोनेव्ह. त्याच्यावर खटला भरायची तयारी झाली. झुकॉव्हने पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार तो मध्ये पडला: पावलोव्हला गोळी घालून काय सुधारलं? एका डिव्हिजनपलीकडे त्याच्या हाती काही द्यायला नको होतं हे सगळ्यांना माहीत होतं, कोनेव्हचं तसं नाही, त्याला माझा उपसेनापती म्हणून ठेवा. स्टॅलिनने ऐकलं. काही दिवसांत कोनेव्हकडे कालिनिन आघाडी आली, १९४४मध्ये तो मार्शल झाला आणि त्याच्या पुढच्या वसंतात दक्षिणेकडून बर्लिनमध्ये शिरलेल्या फौजा त्याच्या होत्या.